टाळलेल्या घासाबरोबर काय जाते

वरणाच्या एका वाटीत साधारण पाच-सहा ग्रॅम प्रथिने असतात. फिनाइलकीटोनुरियाच्या तीव्र प्रकारात लहान मुलाला दिवसभरात अन्नातून सोसणारी प्रथिने जवळपास एवढीच. शेजारच्या घरातले मूल दुपारी सहज संपवते ती वाटी या मुलाचा पुऱ्या दिवसाचा हिशेब संपवून टाकते. म्हणून वरण बंद, दूध-दही बंद, अंडी, मासे, शेंगदाणे बंद आणि भात-पोळी वजनकाट्यावर तोलून. हे पथ्य मुलाचा मेंदू वाचवते, याबद्दल आज जाणकारांत दुमत नाही. या पुस्तकाचा विषय त्याच्या पुढचा आहे. टाळलेल्या घासांत नको असलेले फिनाइलॲलनिन हे अमिनो आम्ल होते, तसे बी-१२ होते, लोह आणि जस्त होते, कॅल्शियम होते. अपायकारक घटक वगळताना हे सगळेही ताटातून उठून गेले. ते परत कशातून आणायचे, किती आणायचे, आणि ते खरोखर पोटात गेले की नाही हे कुणी पाहायचे?

या प्रश्नांभोवती गेल्या सत्तर वर्षांत एक अभ्यासक्षेत्र उभे राहिले आहे. त्यात बालरोगतज्ज्ञ आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, जीवरसायनशास्त्राचे लोक आहेत, आणि स्वयंपाकघरात रोज हा हिशेब मांडणारे आईबाप आहेत. या चौघांपैकी कुणीही हे पुस्तक हातात घेतले असेल, तर त्यांचे मनापासून स्वागत. आधी काही वाचलेले असायलाच हवे असे नाही. एक सवय मात्र लावून घ्यावी लागेल. ‘काय टाळायचे’ हा प्रश्न विचारला की लगेच ‘त्याबरोबर आणखी काय गेले’ हेही विचारायचे.

हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच जुना आहे. नॉर्वेत आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्ये हा आजार ओळखला. दोन मतिमंद मुलांची आई कारण शोधत दारोदार हिंडत होती. त्या मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकल्यावर ती हिरवी झाली आणि तिथून फॉलिंग शोधापर्यंत पोहोचले. उपचाराला मात्र आणखी दीड-दोन दशके लागली. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात हॉर्स्ट बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी एका मुलीसाठी फिनाइलॲलनिन नसलेले अन्न तयार केले आणि १९५३ मध्ये त्याचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्ये छापला.

त्या कृतीकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. दुधातल्या केसीनचे आधी अमिनो आम्लांत विघटन केले, मग तो द्राव सक्रिय कोळशातून गाळला. कोळशाने फिनाइलॲलनिन धरून ठेवले, पण त्याच्या जातीची टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही आम्लेही धरली. ती वेगळी आणून परत मिसळावी लागली. पुढे फिनाइलॲलनिन अजिबात नसलेल्या त्या आहारावर मुलीचे वजन घटू लागले, कारण हे आम्लही शरीराला थोडे लागतेच. ते बाहेरून मिळेनासे झाले की शरीर स्वतःचे स्नायू मोडू लागते. तेव्हा थोडे साधे दूध पुन्हा सुरू करावे लागले. पहिल्याच रुग्णाच्या पहिल्याच आहारात शिकायला मिळालेला हा धडा आहे. गाळणी हवे तेवढेच काढत नाही, आणि जे काढायचे तेही शून्यावर नेता येत नाही.

अमिनो आम्लांची बाजू लवकर लक्षात आली, जीवनसत्त्वांची थोडी उशिरा. कृत्रिम आहारावर वाढणाऱ्या बाळांना त्या काळात प्रथिने, साखर, तेल आणि क्षार मोजून दिले जात. जीवनसत्त्वे मात्र बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या थेंबांतून. ते थेंब दूध पिणाऱ्या बाळांसाठी केलेले होते. दुधात जे आपोआप असते ते त्यांत घालण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. दूधच काढून घेतल्यावर तेवढी पोकळी राहिली. बाळांचे वजन वाढेना, अंगावर चट्टे येऊ लागले. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील बार्बरा क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ही कमतरता मांडली आणि अशा आहारासाठी संपूर्ण जीवनसत्त्वांचे वेगळे मिश्रण हवे, हे वैद्यकाने स्वीकारले. माझ्या मते या क्षेत्राचा खरा जन्म इथे झाला. कारण इथे पहिल्यांदा ‘पथ्य’ आणि ‘पोषण’ यांचा हिशेब एकाच कागदावर आला.

याच सुमारास अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यावर चालणारी स्वस्त चाचणी शोधली. आजार जन्मानंतर काही दिवसांत कळू लागला, आहार वेळेत सुरू होऊ लागला, आणि पूर्वी संस्थांत आयुष्य काढणारी मुले शाळा-कॉलेजात दिसू लागली. ती मोठी झाली आणि एक नवा प्रश्न पुढे आला. तो समजण्यासाठी अमिनो आम्लांची पावडर काय असते हे नीट पाहायला हवे.

या मुलांची बहुतेक प्रथिने, आणि त्याचबरोबर बहुतेक जीवनसत्त्वे आणि खनिजे, एकाच डब्यातून येतात. पावडरीला उग्र वास असतो, चव कडवट असते, आणि ती दिवसातून तीन-चार वेळा प्यावी लागते. लहान मूल आईच्या धाकाने पिते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा वसतिगृहात गेला की पहिली सुट्टी या डब्याला मिळते. तरीही तो मांस-अंडी खाऊ लागत नाही, कारण लहानपणापासून त्या वासाची सवय नसते आणि मनात भीती असते. त्यामुळे पावडर सुटते, पण पथ्यातल्या अन्नाची सवय तशीच राहते. बी-१२ निसर्गात फक्त जिवाणू तयार करतात आणि आपल्याला ते प्राणिज अन्नातून मिळते. अशा तरुणाकडे ते येण्याचा एकही मार्ग उरत नाही. टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९३ मध्ये फिनाइलकीटोनुरिया असलेल्या पौगंडावस्थेतील आणि तरुण रुग्णांमध्ये ही कमतरता दाखवून दिली. पाय जड होणे, तोल जाणे, हात थरथरणे ही लक्षणे दिसली की मूळ आजारच उसळला असे समजणे सोपे असते. प्रत्यक्षात कारण एका स्वस्त इंजेक्शनने दूर होण्यासारखे असू शकते.

यात वेळेचे गणित फसवे आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात दोन ते पाच मिलिग्रॅम बी-१२ साठलेले असते आणि रोजची गरज अवघ्या दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. त्यामुळे पावडर सुटल्यावर पहिली काही वर्षे काहीच बिघडत नाही, आणि न बिघडणे हाच तरुणाला पुरावा वाटतो. थायमिनचे उलट आहे. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. सेंद्रिय आम्लांच्या विकारात बाळ उलट्या करत रुग्णालयात येते, सलाइनमधून ग्लुकोज सुरू होते, आणि थायमिन द्यायचे राहिले तर रक्तात लॅक्टिक आम्ल चढत जाते. मूळ आजाराचा झटका आणि जीवनसत्त्वाची कमतरता इथे एकमेकांसारखी दिसतात. कमतरता कधी दिसेल, हे साठा किती आणि खर्च किती यावर ठरते. हा विचार वाचकाने प्रत्येक प्रकरणात सोबत ठेवावा.

रक्ताच्या रिपोर्टबद्दलही सावध राहायला हवे. रक्तातील बी-१२ ची पातळी ‘नॉर्मल’ असूनही पेशींत ते कमी पडत असू शकते. अशा वेळी होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक आम्ल वाढलेले सापडते. त्यातच पावडरीत फोलिक ॲसिड भरपूर असते. फोलिक ॲसिड पुरेसे असले की रक्ताल्पता दिसत नाही, हिमोग्लोबिन ठीक येते, आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते.

आता आपल्याकडे वळू. इथे मराठी वाचकाला ठाऊक असायलाच हवी अशी एक गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास चालवला. त्या गरोदर मातांपैकी जवळजवळ दोन-तृतीयांश जणींत बी-१२ कमी होते, फोलेटची कमतरता मात्र क्वचितच होती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ज्या मातांत फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण अधिक आढळले. ही कुठल्याही पथ्यावरची कुटुंबे नव्हती. भाजी-भाकरी, भात-आमटी आणि बेताचे दूध खाणारी साधी माणसे होती. युरोपातील पुस्तके रुग्णाच्या भरल्या कोठारापासून सुरुवात करतात. आपल्याकडे कोठार बहुधा आधीच निम्मे रिकामे असते, आणि त्यावर पथ्य येते. तिकडच्या मार्गदर्शक सूचना इथे जशाच्या तशा लागू करणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते.

याचा परिणाम निदानावरही होतो. नवजात बाळाच्या चाचणीत प्रोपिओनिलकार्निटिन वाढलेले दिसले की प्रोपिओनिक किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिडीमिया या सेंद्रिय आम्लांच्या विकारांचा संशय येतो. पण आईला बी-१२ कमी असले तरी हाच आकडा वाढतो. दोन्हींत फरक न करता बाळाची प्रथिने तोडली, तर निरोगी बाळावर नसलेल्या आजाराचे पथ्य लादले जाते. पूर्ण शाकाहारी आईच्या अंगावर पिणारे, फिकट, सुस्त, बसायला शिकलेले असताना पुन्हा आडवे पडू लागलेले आणि थरथरणारे बाळ आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांना चांगले परिचित आहे. असे मूल दिसले की आईचेही रक्त तपासावे. हा नियम करायला हरकत नाही.

प्रथिनांच्या विकारांवर या पुस्तकात सर्वांत जास्त पाने आहेत आणि ते रास्तच आहे. तरी मला वाचकाचे लक्ष एका छोट्या प्रकरणाकडे वेधायचे आहे. ते म्हणजे फ्रुक्टोज न सोसण्याचा आनुवंशिक विकार. यात यकृतातील आल्डोलेज बी हे विकर काम करत नाही. आईच्या दुधावर बाळ छान असते. बाळगुटीत मधाचे बोट लागले, पेजेत गूळ पडला, सफरचंदाचा गर भरवला, की उलट्या होतात, साखर उतरते, पुढे यकृत बिघडते. मोठी झालेली ही मुले गोडाकडे पाहतही नाहीत आणि त्यांचे दात सहसा कीड न लागलेले असतात. पथ्यात साखर, गूळ, मध आणि फळे जातात, कित्येक भाज्याही जातात. फळे-भाज्या गेल्या म्हणजे क जीवनसत्त्व आणि फोलेट गेले.

इथपर्यंत सगळे तर्काला धरून आहे. अडचण पुढे येते. क जीवनसत्त्व द्यायचे ठरले की औषधाच्या दुकानातून काय येते? नारिंगी रंगाची, चघळायची गोड गोळी. मल्टिव्हिटॅमिनचे सीरप साखरेच्या पाकात किंवा सॉर्बिटॉलमध्ये केलेले असते, आणि सॉर्बिटॉलचे शरीरात फ्रुक्टोजच होते. ‘शुगर-फ्री’ लिहिलेली बाटली तर अधिक फसवी, कारण साखरेच्या जागी सॉर्बिटॉल घातलेले असण्याची शक्यता तिथेच जास्त. घरची आजी मायेने मोरावळा पुढे करते, तोही पाकातलाच. कमतरता भरून काढायचे औषधच या मुलाला बाधते. म्हणून लेबलावरचे बारीक अक्षर वाचणे हा या क्षेत्रातला उपचाराचा भाग आहे. गोडी नसलेली साधी गोळी मिळते, ती शोधून आणि घटक तपासून द्यावी लागते.

चरबीच्या विकारांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते प्रकरण स्वतःच स्पष्ट आहे. तेल-तूप तोडले की अ, ड, ई, के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे आणि अत्यावश्यक मेदाम्ले दोन्ही धोक्यात येतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पालकांसाठी एक सूचना मात्र इथे ठळकपणे हवी. डॉक्टरांनी सुचवलेले एमसीटी (मध्यम साखळीच्या मेदाम्लांचे) तेल म्हणजे खोबरेल नव्हे. खोबरेलात मोठा वाटा लॉरिक आम्लाचा असतो, आणि एमसीटी तेलात वापरली जाणारी त्याहून आखूड साखळीची मेदाम्ले त्यात थोडीच असतात. एकाच्या जागी दुसरे चालणार नाही.

गॅलक्टोसीमिया या दुधातल्या साखरेतले गॅलक्टोज न सोसण्याच्या विकारात दूध, दही, ताक गेल्याने हाडांचा प्रश्न उभा राहतो, त्यासाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाकडे लक्ष ठेवावे लागते.

जीवनसत्त्वांची आणखी एक भूमिका आहे आणि तिची गल्लत नव्या वाचकाकडून हमखास होते. काही विकारांत जीवनसत्त्व हेच औषध असते. होमोसिस्टिन्युरियाच्या सुमारे निम्म्या रुग्णांना बी-६ चा मोठा डोस लागू पडतो. मिथाइलमॅलोनिक ॲसिडीमियाच्या काही प्रकारांत हायड्रॉक्सोकोबालामिन या बी-१२ च्या रूपाचे इंजेक्शन चित्र पालटून टाकते. हे डोस पोषणाच्या गरजेच्या कितीतरी पट असतात आणि बिघडलेल्या विकराला ढकलून चालवण्यासाठी दिलेले असतात. त्यावरून ‘जास्त दिले तर बरेच’ असा निष्कर्ष कुणी काढू नये. बी-६ दीर्घकाळ फार घेतले तर तेच नसांना इजा करते. अ जीवनसत्त्व जादा झाले तर यकृताला सोसत नाही. पावडरीत जीवनसत्त्वे आहेत, वर मल्टिव्हिटॅमिन सुरू आहे, शिवाय कुणी टॉनिक सुचवले, असे तिहेरी डोस चालू असलेली मुलेही असतात. उलट, अमिनो आम्लांची काही उत्पादने जीवनसत्त्वे न घालताच विकली जातात. डब्याचा रंग तोच, नावही जवळजवळ तेच. उत्पादन बदलले की घटकांची यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायची.

फिनाइलकीटोनुरियावर नवी औषधे आली म्हणून हा विषय मागे पडेल असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. सॅप्रोप्टेरिनला अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली, पेगव्हॅलिएजला २०१८ मध्ये. ज्यांना ही औषधे लागू पडतात त्यांचे पथ्य सैल होते, प्रसंगी पावडर बंद होते, आणि घरात आनंद होतो. तो आनंद खरा आहे. पण वीस वर्षे भात, बटाटा आणि पावडरीवर वाढलेल्या माणसाला मोकळीक मिळाली म्हणून तो दुसऱ्या दिवसापासून डाळी, दूध, पालेभाज्या खाऊ लागत नाही. पावडरीबरोबर जीवनसत्त्वांचा सर्वांत भरवशाचा झरा आटतो आणि ताट तसेच राहते. औषध सुरू करताना आहारतज्ज्ञांच्या भेटी वाढवायला हव्यात, प्रत्यक्षात त्या कमी होतात.

आपल्या स्वयंपाकघरासाठी आपण स्वतः बरेच काम करायचे आहे. साबुदाण्यात प्रथिने नगण्य, म्हणून प्रथिनांच्या पथ्यात तो मोठा आधार. पण खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय करायची, कारण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. उपासाला साबुदाण्याच्या जोडीने खाल्ली जाणारी वरई मात्र धान्यच आहे आणि तिची प्रथिने मोजावी लागतात. साबुदाणा, आरारूट आणि बटाट्यावर पोट भरते, वजनही वाढते, आणि गुटगुटीत मूल पाहून सगळे निश्चिंत होतात. साबुदाणा आणि आरारूट म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ब गटातील जीवनसत्त्वे त्यांत नसल्यासारखीच. वजनाच्या तक्त्यावर हे दिसत नाही. मराठी पदार्थांचे अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वे या दोन्ही अंगांनी केलेले, घरातल्या वाटी-चमच्याच्या मापातले तक्ते आपल्याला हवे आहेत. या पुस्तकातल्या परिशिष्टांनी त्याची सुरुवात केली आहे. तरुण आहारतज्ज्ञांनी ते पुढे न्यावे.

व्यवस्थाही हळूहळू आकार घेत आहे. गोव्याने २००८ मध्ये नवजात बाळांच्या चाचणीचा राज्यव्यापी कार्यक्रम सुरू केला होता. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात विशेष आहारावर चालणाऱ्या विकारांना स्वतंत्र स्थान मिळाले, आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. पालकांनी या सोयीची चौकशी जरूर करावी. पावडर महाग आहे, आणि पैशाअभावी डबा पुरवून पुरवून वापरला जातो, तेव्हा त्याला हलगर्जीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

पुस्तकातल्या चाचण्यांच्या कोष्टकांइतकेच एक साधे गणित मला मोलाचे वाटते. रोज ८० ग्रॅम पावडर ठरली असेल, तर ४०० ग्रॅमचा डबा पाच दिवसांत संपायला हवा. तो आठ दिवस पुरत असेल, तर मुलाच्या पोटात ठरलेल्यातले जेमतेम साठ-बासष्ट टक्केच जात आहे, आणि जीवनसत्त्वेही तेवढीच. हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मंडळींना माझी विनंती आहे की प्रत्येक भेटीत ‘डबा किती दिवस पुरला’ हे रागावण्याच्या सुरात न विचारता विचारा आणि केसपेपरवर तारखेनिशी लिहा. पालकांना विनंती आहे की खरे उत्तर द्या, आणि डॉक्टर विचारायला विसरले तर आपणहून सांगा.